मुंबई बँकेचा सुटलेला लगाम

भिवंडीचा यंत्रमाग कर्जावर चालतो. सूत उधारीचें, माग गहाण, आणि कापड विकलें म्हणजे हप्ता फिटावयाचा. म्हणून पैसे देणारी बँक कोणत्या धाडसांत गुंतली आहे, हा प्रश्न तेथील विणकरासही दूरचा नव्हे. शेजारच्या मुंबईचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे.

मुंबई बँक इ. स. १८४० त सरकारी सनदेनें स्थापन झाली. भांडवल सव्वा बावन्न लक्ष रुपये. त्यांत सरकारचा हिस्सा असून कांहीं संचालकही सरकारनियुक्त असत. कर्जाची मुदत, तारण व एका कर्जदारास द्यावयाची रक्कम यांवर सनदेचीं बंधनें होतीं. व्याजाचा दर चढवून बाजार थंड करणारी मध्यवर्ती बँक तेव्हां हिंदुस्थानांत नव्हती. ती १९३५ त आली. तेव्हां सनद हाच मुख्य लगाम होता.

१८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. आलेला पैसा समुद्र बुजविणाऱ्या व इतर कंपन्यांच्या भागांत ओतला जाऊं लागला. नेमक्या याच वेळीं, १८६३ च्या १० व्या कायद्यानें, बंधनें सैल झालीं. कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली व भांडवल पुढें दोन कोटी नऊ लक्षांवर गेलें. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कर्जें सुटूं लागलीं. भागांवर कर्ज, कर्जानें पुन्हां भाग, असें चक्र फिरूं लागलें. १८६५ त युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि तारणाचे भाग रद्दीच्या मोलाचे झाले. १८६८ त बँक बुडाली. बहुतेक भांडवल नाहींसें झालें होतें.

सर चार्लस जॅक्सन यांच्या चौकशीमंडळानें सैल कायद्याबरोबर चिटणिसांचा गैरव्यवहार व संचालकांची हयगय यांसही दोष दिला. १८७६ च्या इलाखा बँकांच्या कायद्यानें कडक बंधनें पुन्हां आलीं.

बाजार चढता असतां बंधन जाचक वाटतें, आणि त्याची खरी गरजही तेव्हांच असते, हें यावरून दिसतें. परंतु केवळ कलमानें भागत नाहीं. २०१९ त पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हां प्रारंभीं ठेवीदारास हजारच रुपये काढतां येत. तेथें नियम होते. पण एका बांधकामसमूहाचीं कर्जें बनावट खात्यांआड लपविलीं गेल्याचें तपासांत पुढें आलें. लगाम हवाच, पण तो धरणारा हात जागा नसेल, तर भुर्दंड शेवटीं ठेवीदारासच पडतो, असें आमचें मत आहे.