ओव्हरड्राइव्ह पेडल
विद्युत् गिटार व तिचा विवर्धक यांच्या दरम्यान जोडण्यात येणारे आणि वादकाने पायाने चालू-बंद करावयाचे एक लहान इलेक्ट्रॉनीय उपकरण. गिटारकडून येणारा विद्युत् संकेत मर्यादेपलीकडे वाढवून त्याच्या तरंगांची टोके बोथट करणे व त्यायोगे स्वराला दाट, किंचित खरखरीत आणि रेंगाळणारे रूप देणे, हे त्याचे कार्य होय. विवर्धकांच्या निर्मात्यांनी जो दोष टाळण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला, तोच येथे मुद्दाम व प्रमाणशीरपणे उत्पन्न केला जातो.

या दोषाचे मूळ निर्वात नलिकांच्या विवर्धकांत आहे. नलिकेला तिच्या क्षमतेहून प्रबळ संकेत दिला असता ती तरंगाची शिखरे एकदम न छाटता हळूहळू दाबते. त्यामुळे मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट इ. कंप्रतांचे उपस्वर वाढतात व स्वर भरीव वाटतो. १९५१ मध्ये मेंफिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीतातील गिटारचा फाटका आवाज प्रवासात नादुरुस्त झालेल्या विवर्धकामुळे आला, असे सांगतात. १९५८ मध्ये लिंक रे याने ध्वनिक्षेपकाच्या शंकूला भोके पाडून, तर १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने तो पात्याने चिरून असाच परिणाम साधला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदाबरोबर वाजविताना मार्शल विवर्धक पूर्ण आवाजावर ठेवला. त्या ध्वनिमुद्रिकेतील स्वर पुढील पिढीला आदर्शवत् वाटला. तो मिळविण्यासाठी कान बधिर होतील एवढा आवाज करावा लागे, ही मात्र मोठी अडचण होती. लहान खोलीत किंवा शेजारपाजार असलेल्या घरी तो मार्ग बंदच होता.

पायाने चालविण्याच्या उपकरणांत प्रथम आले ते ‘फझ’. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथील एका ध्वनिमुद्रणात बिघडलेल्या यंत्रामुळे गिटारला विचित्र भरड आवाज आला. तोच हेतुपुरस्सर काढण्यासाठी १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आले. तुतारी, चेलो यांची नक्कल करणारे साधन म्हणून त्याची जाहिरात झाली आणि त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६५ मध्ये ‘द रोलिंग स्टोन्स’ने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात ते वापरल्यावर चित्र पालटले. परंतु फझमध्ये तरंग जवळजवळ चौकोनी होतो व वादकाच्या बोटांचा हलका-जड आघात त्यात बराचसा हरवतो.

ही उणीव जपानी निर्मात्यांनी भरून काढली. १९७७ मध्ये बॉस कंपनीने ‘ओडी-१’ हे पेडल आणले. १९७९ च्या सुमारास आयबानेझ या नावाने ‘ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८’ विक्रीस आले. त्याची रचना निश्शिन ओंपा या कंपनीतील सुसुमु तामुरा यांनी केली होती. दोहोंत संकलित मंडलाच्या पुनर्भरण मार्गात सिलिकॉनचे डायोड जोडलेले आहेत. संकेत सु. ०·६ व्होल्टच्या आसपास पोहोचताच डायोड वहन करू लागतात आणि मंडलाची विवर्धनशक्ती आपोआप घटते. मूळ संकेत मात्र छाटलेल्या संकेतात मिसळून पुढे जातो, म्हणून तारेवरील आघाताची जाण टिकते. ओडी-१ मध्ये तरंगाच्या दोन बाजू असमान छाटल्या जातात, तर ट्यूब स्क्रीमरमध्ये समान. ट्यूब स्क्रीमरमध्ये सु. ७२० हर्ट्‌झच्या खालील कंप्रतांचे विवर्धन कमी ठेवले आहे व पुढे वरच्या कंप्रताही सौम्य केल्या आहेत. त्यामुळे जाड तारांचा स्वर चिखलासारखा होत नाही आणि गिटार ढोल व बास यांच्या गर्दीतून पुढे येते. सारा साज एका ९ व्होल्टच्या विद्युत् घटावर चालतो.

या स्वराला संगीतदृष्ट्याही काही बंधने आहेत. दोन तारा एकत्र छेडल्यास त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर निर्माण होतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत (३ : २) वजाबाकीचा स्वर षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो व आवाज भक्कम होतो. समविभागी स्वरसप्तकातील तीव्र वाटणारा गांधार शुद्ध ५ : ४ या प्रमाणाहून सु. १४ सेंट चढा असल्याने तेथे तो जुळत नाही व खडखड ऐकू येते. रॉक संगीतात गांधार वगळून षड्ज-पंचमाचीच जोडी एवढी का रुळली, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. तंबोऱ्याची जव्हारी उपस्वर फुलवते, हे कार्य दिसण्यात याच्याजवळचे असले, तरी तेथे स्वरांची अशी बेरीज-वजाबाकी घडत नाही.

मूळ हेतू नलिकांची नक्कल हा होता, पण प्रत्यक्षात ही पेडले निराळ्याच कामी आली. टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–९०) व इतर अनेक वादक पेडलाची विकृती कमी व निर्गम जास्त ठेवून त्याने नलिका-विवर्धकालाच ढकलत. अशा वेळी दोन्ही मिळून एकच वाद्य होते.

पुढे जुन्या पेडलांभोवती संग्राहकांचा बाजार उभा राहिला. टीएस-८०८ मधील ‘४५५८’ या मंडलाला विलक्षण गुण चिकटविले गेले. ते मंडल साधे व विपुल उत्पादित झालेले होते. श्रेय डायोडांच्या जागेला व कंप्रतांच्या काटछाटीला अधिक द्यावे लागेल. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून हाताने जोडून विकलेल्या ‘क्लॉन सेंटॉर’ या पेडलाच्या सु. ८,००० प्रती निघाल्या. नक्कल होऊ नये म्हणून त्यातील मंडल राळेत बुडविलेले असे. तरीही राळ खरवडून ते उलगडण्यात आले आणि त्याच्या स्वस्त प्रतिकृती निघाल्या. मूळ नगाला मात्र आज कित्येक हजार डॉलर मोजले जातात. याउलट १९८१ चे बॉसचे ‘एसडी-१’ हे पिवळे पेडल अद्याप तयार होते व साधा विद्यार्थीही ते विकत घेऊ शकतो.