एका शुक्रवारी वॉर्नरने ठरवलं

सिनेमा बघायला बसलो की माझी पहिली दहा मिनिटं तो कुठल्या ॲपवर आहे हे शोधण्यात जातात. ॲप चांगलं की टुकार, याला तिथे किंमत नसते. सिनेमा जिथे, तिथे आपण. अशा वेळी मला ४ जानेवारी २००८ ही तारीख हमखास आठवते.

त्याआधी दोन वर्षं अमेरिकेत दोन डिस्कची मारामारी चालू होती. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनी, पॅनासॉनिक आणि मंडळींची ब्लू-रे. दोन्ही २००६मध्ये तिथल्या दुकानांत आल्या, दोन्ही निळसर-जांभळ्या लेझरवर चालायच्या. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. पण टीव्हीवरचं चित्र बघून यातली कुठली डिस्क लावलीय, हे तुम्हाआम्हाला ओळखता आलं नसतं. शिवाय तोशिबाचं यंत्र स्वस्त. नोव्हेंबर २००७मध्ये वॉलमार्टने तिचा एक प्लेअर ९८.८७ डॉलरला विकायला काढला.

मग स्वस्त माल हरला कसा?

सोनीने एकदा हात पोळून घेतले होते. १९७५ साली तिने बीटामॅक्स आणलं, पुढच्याच वर्षी जेव्हीसीचं व्हीएचएस आलं आणि हळूहळू बाजार घेऊन गेलं. १९८९मध्ये सोनीने कोलंबिया पिक्चर्स हा स्टुडिओच ३.४ अब्ज डॉलरला विकत घेतला. त्यामुळे ब्लू-रेच्या वेळी निदान एका स्टुडिओची मनधरणी करायची गरज उरली नव्हती. डिस्ने आणि फॉक्सही तिच्याच बाजूला आले. तोशिबाकडे युनिव्हर्सल. (याच युनिव्हर्सलने बीटामॅक्सवरून सोनीला कोर्टात खेचलं होतं आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी हार खाल्ली होती. जुना राग म्हणावा असा मोह होतो, पण आवरतो.)

ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन फक्त एचडी डीव्हीडीकडे वळले. त्यासाठी दोघांना मिळून १५ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. आता पारडी जवळपास समान झाली, आणि दोन्ही डिस्कवर सिनेमे काढणारा मोठा स्टुडिओ एकच उरला: वॉर्नर.

या गोष्टीतलं मला सर्वांत चटका लावणारं पात्र वॉर्नर आहे. नव्वदच्या दशकात डीव्हीडी घडत होती तेव्हा सोनी-फिलिप्सच्या विरोधात वॉर्नर आणि तोशिबा एकत्र उभे होते. म्हणजे जुना दोस्त. त्याच वॉर्नरने त्या शुक्रवारी जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. दोन दिवसांवर लास वेगसमध्ये एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद होती. ती रद्द झाली.

प्रेक्षकांनी काहीच ठरवलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे आपसूकच यायचं, त्यामुळे ते लाखो घरांत पोचलेलं होतं, आणि २००७मध्ये ब्लू-रे डिस्क जास्त खपत होत्या. वॉर्नरने ते आकडे पाहिलेच असणार. पण बहुतेक गिऱ्हाइकं दोन्हींकडे पाठ करून, निकाल लागेपर्यंत साध्या डीव्हीडीवर समाधान मानून बसली होती. त्या न घेतलेल्या डिस्कचीच स्टुडिओंना जास्त धास्ती होती, असं मला वाटतं.

पुढचं सगळं भराभर झालं. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकामागून एक ब्लू-रेकडे गेले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं सांगितलं. वॉर्नरच्या घोषणेला ४६ दिवस झाले होते. त्याच दिवशी युनिव्हर्सलही पलीकडे गेलं.

२००९ साली तोशिबाने स्वतःचा ब्लू-रे प्लेअर विकायला काढला. ९८.८७ डॉलरवाला तो प्लेअर बिघडला वगैरे नव्हता. साध्या डीव्हीडी त्यावर छान लागायच्या. त्याच्यासाठी नवे सिनेमे यायचे तेवढे थांबले.