पाटाखालचे रान

म्हसवडला मी प्रथम गेलो तो मार्गशीर्षातल्या यात्रेत, सिद्धनाथाचा रथ पाहायला. पण मनात घर करून राहिला तो जनावरांचा बाजार. खिल्लार खोंडांच्या दावणी पाहत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, "बाबा, यंदा बाजार कसा?" तो म्हणाला, "रानात वैरण हाय तवर बाजार हाय, पावनं."

या एका वाक्यात माणदेशाचे सारे अर्थशास्त्र आहे. इथे पाऊस वर्षाला जेमतेम वीस इंच, तोही लहरी. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा भुकेल्यांच्या हाताला काम म्हणून माणगंगेवर राजेवाडीला मातीचे धरण घालायला घेतले. ते १८८७ मध्ये पुरे झाले. ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

त्या काळच्या सरकारी दप्तरात पाटबंधाऱ्यांचे दोन वर्ग असत : घातलेला पैसा व्याजासह परत करणारे ते 'फायद्याचे', आणि दुष्काळापासून रान राखणारे ते 'संरक्षक'. संरक्षक काम नेहमी तोट्यात दिसे. अखेर १९०१-०३ च्या पाटबंधारे आयोगाने सांगितले, की अशा कामाचे मोल नुसत्या पाणीपट्टीवर ठरवू नये. दुष्काळात मदतीचा जो खर्च वाचतो, तोही जमेस धरावा.

मला वाटते, जमेची बाजू याहूनही मोठी आहे. पाटाखाली ज्वारी पिकली, की कडबा होतो. कडब्यावर बैल जगतो. आणि बैल जगला, तरच शेजारच्या कोरडवाहू गावाची पेरणी होते. खुरपणी-काढणीला मजूर लागतात, लोहार-सुतारांचे हात चालतात. पाणी आटपाडी-सांगोल्याकडे वाहते. त्याला जिल्ह्यांच्या शिवा ठाऊक नाहीत. भिजते एका गावचे रान, चूल पेटते दहा गावांत.

वैरण संपली म्हणजे काय होते, तेही म्हसवडनेच पाहिले. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने इथे छावणी उघडली. हजारो जनावरे तिथे आली, आणि त्यांच्यामागे घरे सोडून माणसेही राहायला आली.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो. दुष्काळातही दावणीला राहिलेला बैल आणि गाव न सोडलेले कुटुंब कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. पाटाखालच्या रानाची खरी जमा तीच.