पांतुन : उत्तर मागणारी कविता

मलय मौखिक कविता बाहेरच्या जगात पोचली ती थोडी आडवाटेने. विल्यम मार्सडेन यांनी 1812 साली मलय भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्यात नमुना म्हणून एक साखळी-पांतुन दिले. पुढे 1829मध्ये व्हिक्टर ह्यूगो यांनी आपल्या ‘लेझोरियांताल’ या संग्रहाच्या टिपांमध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद छापला. ओळी पुन्हा पुन्हा येणारी ‘पांतूम’ नावाची युरोपीय रचना त्यातूनच निघाली. काव्यशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही भेटते, पण तिच्यावरून मूळ प्रकाराची कल्पना येत नाही. सुमात्रा, मलाका, रियाऊ इथल्या माणसांच्या तोंडी जे पांतुन आहे, ते बहुधा चारच ओळींचे असते, आणि ते समोरच्या माणसाला उद्देशून म्हटलेले असते. या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना ही दुसरी गोष्ट मला आधी सांगायची आहे.

रचना साधी आहे. ओळीत साधारण 8 ते 12 अक्षरे, पहिलीचे यमक तिसरीशी, दुसरीचे चौथीशी. पहिल्या दोन ओळींना पेंबायांग म्हणतात. त्यांत नदी, होडी, पक्षी, भात, फळझाडे असे काहीतरी असते. सांगायचे ते पुढच्या दोन ओळींत येते, त्यांना मक्सुद म्हणतात. मराठी वाचकाला इथे उखाणा आठवेल. चांदीच्या ताटाचा नवऱ्याच्या नावाशी यमकापलीकडे संबंध नसतो, तरी ताटाशिवाय नाव घेता येत नाही. पांतुनातही असेच आहे का, यावर अभ्यासकांत फार जुना वाद आहे. लायडनचे प्राध्यापक व्हॅन ओफाउसेन यांचे 1904मधले म्हणणे असे, की दोन जोड्यांत अर्थाचा धागा शोधणे व्यर्थ आहे. त्यांनी मांडाइलिंग भागातल्या प्रेमिकांचा दाखला दिला. हे प्रेमिक एकमेकांना पाने पाठवत. झाडाच्या नावाचा उच्चार ज्या शब्दाशी जुळतो तो शब्द घेणाऱ्याने ओळखायचा, आणि अशा पानांच्या जुडीतून निरोप वाचायचा. म्हणजे आधी आवाज जुळतो, अर्थ मागून येतो. याउलट पेंबायांगातच मक्सुदाची सावली पडलेली असते, असे मानणारेही अनेक आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण पानांच्या जुडीचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. ऐकणाऱ्याने निम्मे काम केल्याशिवाय निरोप पुरा होत नाही, हे त्यात स्वच्छ दिसते.

मागणी घालायला आलेली मंडळी पाहा. विड्याचे तबक मध्ये ठेवलेले. मुलाकडचा जाणता माणूस मुलीचे नाव घेत नाही. बागेतल्या फुलाची चौकशी करतो, तीही पांतुनातून. मुलीकडच्यांना उत्तर पांतुनातूनच द्यावे लागते. नकार द्यायचा असला तरी तो चार ओळींत गुंडाळता येतो आणि कोणाचा अपमान होत नाही. मलाक्यातल्या दोंदांग सायांग या गायनात हीच देवघेव व्हायोलिन आणि रेबाना या डफाच्या साथीने चालते. चाल संथ असते, त्यामुळे पुढचे कडवे जुळवायला गाणाऱ्याला अवधी मिळतो. मलय, चिनी वंशाचे बाबा-न्योन्या, तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज चिट्टी आणि पोर्तुगीज वंशाचे लोक, असे चार समाज हे गाणे आपले मानतात. (गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी, 1511मध्ये, अल्बुकर्कने मलाका जिंकले. त्या पोर्तुगीज वस्तीची मुळे तिथे आहेत.) 2018मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दोंदांग सायांगची नोंद झाली.

आता जतनाचा प्रश्न. विल्किन्सन आणि विन्स्टेड यांच्या 1914च्या संग्रहासारखी कामे नसती तर कितीतरी पांतुने नाहीशी झाली असती. त्यांचे ऋण मोठे आहे. पण छापील पानावर पांतुन एकटे पडते. कोण कोणाला म्हणाले, कुठल्या प्रसंगी, उत्तर काय आले, हे सारे गळून जाते. 2003चा युनेस्कोचा करार अमूर्त वारशाच्या ‘संरक्षणा’चा अर्थ तो जिवंत राहील अशी तजवीज करणे असा घेतो, आणि पांतुनाच्या बाबतीत हा अर्थ अगदी नेमका लागू पडतो. पांतुन टिकवायचे तर उत्तर देऊ शकणारी माणसे तयार व्हायला हवीत. शाळांतल्या ‘बेरबालास पांतुन’ या जुगलबंदीच्या स्पर्धा मला म्हणून कुठल्याही संग्रहाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

हा वारसा सामायिक का, याचे उत्तरही इथेच मिळते. 1824च्या करारात इंग्रज आणि डच यांनी मलय प्रदेश आपसांत वाटून घेतला. जोहोर आणि रियाऊ एकाच सुलतानीचे भाग होते. त्यांच्यामधून सीमा गेली. पांतुनाचे काही तिने अडले नाही, पण पुढे मलेशिया आणि इंडोनेशिया ही वेगळी राष्ट्रे झाली आणि मालकीचे तंटे उभे राहिले. 2007मध्ये मलेशियाच्या पर्यटन-जाहिरातीत ‘रासा सायांग’ हे गाणे वाजले आणि इंडोनेशियात संताप उसळला. ज्या गाण्यावरून भांडण झाले, त्याची कडवी पांतुनांचीच आहेत, आणि गाणारा त्यांत आपली भर घालतच आलेला आहे. म्हणूनच 17 डिसेंबर 2020ला या दोन देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोच्या त्याच यादीत पांतुनाची नोंद झाली, ही घटना मला राजनैतिक तडजोडीपेक्षा मोठी वाटते. जी कविता समोरच्याकडून उत्तराची अपेक्षा धरते, तिच्यावर एकट्याने हक्क सांगणे तिच्या स्वभावातच बसत नाही.

नव्या अभ्यासकासाठी काम पुष्कळ पडले आहे. मिनांगकाबाऊ, आचे, सुंदा, जावा इथल्या भाषांत पांतुनाची भावंडे आहेत. त्यांची तुलना अजून खूप पुढे जाऊ शकते. ध्वनिमुद्रण करताना एकेक कडवे सुटे न घेता सबंध प्रसंग टिपावा, हसणे आणि अडखळणे यांसकट. सिंगापूर, ब्रुनेई, थायलंडचा दक्षिण भाग, श्रीलंकेतला मलय समाज, या सर्वांकडे पांतुन आहे, पण 2020च्या प्रस्तावात ते नव्हते. केबाया या पेहरावाच्या अशाच नोंदीसाठी 2024मध्ये पाच देश एकत्र आले. संयुक्त नोंदीत इतर देशांना सामील होण्याची सोय युनेस्कोच्या नियमांत आहे. पांतुनासाठीही ती वापरली जावी आणि त्यासाठी लागणारा पुरावा अभ्यासकांनी गोळा करावा, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.