जखमेची बातमी

लहानपणी पहाटे हरभऱ्यावर फडके फिरवून आंब काढताना मला वाटे, झाडाचे संरक्षण म्हणजे हा आंबटपणाच. पानाच्या आतही एक तजवीज असते, हे १९७२ सालचा एक शोधनिबंध वाचून कळले.

अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात ग्रीन आणि रायन यांनी बटाट्याच्या व टोमॅटोच्या रोपांवर कोलोरॅडो भुंगेरे सोडले. कुरतडलेल्या पानांत एक प्रथिन झपाट्याने साठू लागले. आणि नवल म्हणजे, भुंगेऱ्याने न शिवलेल्या पानांतही! हे प्रथिन किडीच्या पोटातील पाचकद्रव्यांना जखडते. कीड खाते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. सोयाबीनमधले असेच प्रथिन कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकात स्फटिकरूपात मिळवले होते.

पण जखमेची बातमी उठवतो कोण? उत्तराला एकोणीस वर्षे लागली. १९९१ मध्ये रायन यांच्याच प्रयोगशाळेने टोमॅटोच्या पानांतून सिस्टेमिन वेगळे केले : अवघ्या अठरा अमिनो आम्लांची साखळी.

मग आमच्या हरभऱ्याला घाटे अळी का आवरत नाही? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९९ मध्ये हेच तपासले. हरभरा, तूर, कापूस ही तिची रोजची ताटे. त्यांची प्रथिने तिला फारशी बाधत नाहीत. भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा यांची मात्र बाधतात. तीही काही काळच, कारण अळी त्यांना न जुमानणारी पाचकद्रव्ये काढू लागते. म्हणून ही परकी प्रथिने एकामागून एक बदलत वापरावीत, असे त्यांनी सुचवले.