नेत्रद्रवाचा निचरा आणि जनुके

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाझरणारा नेत्रद्रव पारपटल आणि परितारिका यांच्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून श्लेम नलिकेत उतरतो व तिथून शिरांना मिळतो. ही वाट तुंबली की दाब चढतो आणि काचबिंदूचा धोका निर्माण होतो.

वाट घडते ती गर्भावस्थेत. जाळीच्या पेशी भ्रूणातील तंत्रिका-शिखरातून स्थलांतर करून येतात. नलिकेचे अस्तर मात्र रक्तवाहिन्यांच्या पेशींपासून बनते. दोन वेगळ्या घराण्यांच्या या पेशींचा मेळ जनुके जमवतात.

फॉक्ससी१ आणि पिट्क्स२ ही इतर जनुकांना चालू-बंद करणारी नियामक जनुके. यांची एक प्रत बिघडली तरी ॲक्सेनफेल्ड-रीगर विकार होऊ शकतो, आणि अशा सुमारे निम्म्या रुग्णांना काचबिंदू होतो. टीईके हे जनुक श्लेम नलिकेच्या वाढीसाठी लागते. ते काढून टाकलेल्या उंदरांत नलिका नीट तयार होत नाही.

जन्मजात काचबिंदूशी सर्वाधिक जोडले जाणारे जनुक म्हणजे सीवायपी१बी१. त्याचा हा संबंध १९९७ मध्ये उघड झाला. येथे बहुधा दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात, म्हणून आईवडील निरोगी असूनही बाळाला विकार होतो. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. पाश्चात्त्य देशांत सुमारे १०,००० बाळांमागे एकाला, तर स्लोव्हाकियातील रोमा समाजात सुमारे १,२५० मागे एकाला तो आढळतो.

तान्हुल्याचे नेत्रगोल लवचीक असल्याने दाबाने डोळा मोठा व धुरकट दिसतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा.