हात फारियाचे, झोप तुमची

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी पाणीपुरी आणि भेळेच्या गाड्या लागतात, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर मधूनमधून संमोहनाच्या शिबिराचं पोस्टर झळकतं. भीती घालवा, गुटखा सोडा, शांत झोपा. चित्र ठरलेलं: कोट घातलेला एक गृहस्थ, पुढे केलेले दोन हात, बोटांतून निघणारे किरण. फ्रीगंजात माझं औषधांचं दुकान आहे, म्हणजे या मंडळींचा मी धंद्यातला भाऊबंदच. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा स्वार्थ धरूनच चाला.

पण ते किरण दोनशे वर्षांपूर्वीच एकानं खोडून काढलेत, आणि तो माणूस आपल्या गोव्याचा होता.

जुझे कुस्तोदियु द फारिया 31 मे 1756 रोजी बार्देशातल्या कांदोळीत जन्मला. घराणं मूळचं शेणव्यांचं, सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेलं. आईबापांचं पटलं नाही. बाप पाद्री झाला, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या मठात गेली. 1771 मध्ये बापानं पोराला घेऊन लिस्बन गाठलं. पुढे पोरगा रोममध्ये धर्मशास्त्र शिकला.

गोव्यात घरोघरी सांगतात ती गोष्ट यानंतरची. पोर्तुगालच्या राणीच्या चॅपेलमध्ये तरुण फारिया प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचा दरबार बघून त्याची बोबडीच वळली. जवळच असलेला बाप कोंकणीत पुटपुटला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोरगा घडाघडा बोलू लागला. आख्यायिका आहे, तिला कागद मागू नका. पण मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री थरथरणाऱ्या पोरांना मी दुकानात बघतो, आणि त्या बापाच्या चार शब्दांचं मोल मला कळतं.

फारिया पॅरिसला पोचला तेव्हा तिथे मेस्मर या वैद्याचं नाव गाजत होतं. मेस्मर म्हणे, विश्वात एक चुंबकी द्रव भरलाय आणि तो मी रोग्याच्या अंगात खेळवतो. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली, बेंजामिन फ्रँकलिन तिच्यात होता. समितीनं सांगितलं, द्रव वगैरे काही नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनेचा. तरी दुकानदारी चालूच राहिली. 1813 मध्ये फारियानं रू द क्लिशीवर जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेश फी पाच फ्रँक. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचं, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचं, आणि मग खणखणीत आवाजात हुकूम: झोपा! नाही जमलं तर आपला उघडा तळहात दाखवून त्यावर नजर लावायला सांगायचं आणि हात हळूहळू जवळ आणायचा. सगळ्यांनाच ही झोप लागते असा त्याचा दावा नव्हता. आणि ज्याला लागायची, त्याला तो साफ सांगायचा की यात माझं काही नाही. जे झालं ते तुझ्या आतून झालं.

धंद्याच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट जाहिरात नसेल. लोक पैसे मोजतात ते बाबाच्या शक्तीसाठी, आणि हा बाबा शक्तीच नाकारतो!

सगळंच त्याचं बरोबर होतं असं नाही. ज्याचं रक्त पातळ त्याला ही झोप लवकर लागते, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मी रोज विकतो, त्यानं कोणी पेंगताना पाहिलं नाही. लेखक शातोब्रियाँनं त्याची एक फजितीही लिहून ठेवली आहे: एका बाईंच्या घरी नुसत्या चुंबकशक्तीनं कॅनरी पक्षी मारून दाखवतो म्हणाला, पण पक्षीच वरचढ ठरला. द्रव नाकारणारा माणूस ही बढाई का मारून बसला, कोण जाणे. दिवाणखान्यात बसलं की भल्याभल्यांची जीभ सैल होते. 1816 मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारं नाटक आलं आणि प्रयोगांची गर्दी ओसरली. 1819 मध्ये त्याचं पुस्तक निघालं, त्यावर स्वतःच्या नावापुढे त्यानं 'ब्रामिन', म्हणजे ब्राह्मण, असं छापलं होतं. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला तो गेला.

नंतर डॉक्टरमंडळींनी संमोहन हाती घेतलं: ब्रेड आला, हुगळीत कैद्यांवर संमोहनानं शस्त्रक्रिया करणारा एस्डेल आला, नान्सीचा बर्नहाइम आला. सूचनेचं तत्त्व, म्हणजे ही झोप बाहेरच्या शक्तीनं नव्हे तर सुचवण्यानं लागते हे, आधी फारियाचं, हे बर्नहाइमनं मान्य केलं. दाल्गादो या गोवेकरानं 1906 मध्ये त्याचं चरित्र लिहून त्याला विस्मृतीतून वर काढलं.

आता माझ्या दुकानातली झोप बघा. गल्ल्याशेजारी एच-वन औषधांचं, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांचं, रजिस्टर असतं. डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, गोळी, संख्या. अल्प्राझोलामच्या, म्हणजे मन शांत करून झोप आणणाऱ्या गोळीच्या, पाकिटावर लाल चौकट असते आणि ही नोंद तीन वर्षं जपून ठेवावी लागते. त्या पानांवर कोचिंगची पोरं आहेत, रिटायर झालेले मास्तर आहेत, सुना आहेत. सवयीशी आमच्या गावाचं नातं तसं जुनंच. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इथल्या पेढ्यांवरून उंटांवर लादून पाली आणि कराचीमार्गे दमणला जायची, तिथून चीनला. त्या व्यापारातला मुंबईचा एक बडा भागीदार होता गोवेकर रोजेरियो द फारिया. आडनाव तेच, धंदा मात्र नेमका उलटा.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आपल्या संमोहनवाल्या फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, 1945 चा. मागे झुकलेली बाई, आणि तिच्यावर हात पसरून उभा झगेवाला पाद्री. शिल्प म्हणून फार देखणं आहे. पण ते हात बघा: सगळी शक्ती त्यांच्यातूनच ओघळतेय! ज्या गोष्टीचा त्यानं इन्कार केला, तीच काशात ओतून चौकात उभी केलीय. आमच्या टावरच्या पोस्टरात आणि त्या पुतळ्यात फरक असला तर कारागिरीचा.

परवा माझ्या रजिस्टरातल्याच एका मराठी पोरानं मोबाइलवर त्याच पोस्टरचा फोटो दाखवून विचारलं, "काका, जाऊ का?"

मी म्हटलं, "जा की. पण गोळी एकदम सोडू नकोस, झटके येतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर. आणि माझ्यामुळे तुला झोप लागली असं तो म्हणाला, तर फी परत माग."

"ती कोण देतंय, काका!"